कलत्या उजेडाचं गणित सांगलीत सुटू शकतं

सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत 'विक्रम' चिप पंतप्रधानांच्या हाती दिली गेली, तेव्हापासून सांगली-साताऱ्यात प्रवेशाच्या वेळी पालक 'सेमीकंडक्टरचं काय?' असं विचारू लागलेत. विचारायलाच हवं. पण 'विक्रम' 180 नॅनोमीटरच्या तंत्रावरची आणि गुजरातेत धोलेऱ्याला होणाऱ्या चिप कारखान्याची झेप 28 पर्यंतची. 7 नॅनोमीटरच्या खाली उतरायचं, तर एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे ईयूव्ही यंत्र हवं. ते जगात एकटी एएसएमएल ही डच कंपनी विकते. एका यंत्राची किंमत हजार कोटी रुपयांच्या वर. ते इतक्यात आपल्याकडे येईल असं मला वाटत नाही. मात्र त्यातल्या एका अत्यंत अवघड प्रश्नावर काम करायला ते यंत्र लागतच नाही.

तो प्रश्न मास्कचा, म्हणजे चिपची नक्षी कोरलेल्या पाटीचा. 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा ईयूव्ही प्रकाश काच गिळते, हवासुद्धा गिळते. म्हणून भिंगं बाद, आणि मास्कही आरशाचाच. सहा इंची पाटीवर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या चाळीस जोड्या, प्रत्येक जोडी जेमतेम 7 नॅनोमीटरची. त्यावर प्रकाश शोषणारा साठेक नॅनोमीटरचा थर, आणि नक्षी त्यात. येणारा आणि परतणारा प्रकाश एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून तो 6 अंश कलता सोडतात.

सगळी गोम या 6 अंशांत आहे. तासगावच्या बागायतदाराला हे पटकन कळेल: सकाळच्या कलत्या उन्हात दक्षिणोत्तर ओळींची सावली शेजारच्या ओळीवर पडते, पूर्व-पश्चिम ओळींमधून ऊन सरळ आत जातं. मास्कवरही आडव्या आणि उभ्या रेघा एकाच मापाच्या कोरल्या तरी चिपवर वेगळ्या उमटतात. शिवाय प्रकाश पृष्ठभागावरून परतत नाही. थरांत खोल शिरून, थोडाथोडा करत परततो. मास्क सपाट चित्र मानून केलेला हिशेब इथे चुकतो. प्रकाशाचं वर्तन सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं पूर्ण सोडवावी लागतात.

हा हिशेब किती मोठा? 200 नॅनोमीटरचा चौकोन आणि 400 नॅनोमीटर खोली घेतली आणि एकेक नॅनोमीटरची घरं पाडली, तर 1 कोटी 60 लाख घरं होतात. मास्कवरच्या 104 गुणिले 132 मिलिमीटर नक्षीत असे चौकोन 34 हजार कोटींच्या वर बसतात! एवढं कुठलाच संगणक सरळ सोडवू शकत नाही. म्हणून अचूकता न गमावता आडवाटा शोधणं, हेच इथलं संशोधन. अमेरिकेत मोहरम आणि गेलॉर्ड यांनी 1981 मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी आजही वापरतात. जर्मनीत एर्लांगनला फ्राउनहोफर संस्थेत आंद्रेआस एर्डमान यांचा गट वर्षानुवर्षं हेच करतो आहे.

ही वाटही एकेकाळी अशक्यच वाटत होती. जपानच्या हिरोओ किनोशिता यांनी 1986 मध्ये अशा आरशांनी उमटवलेली प्रतिमा दाखवली, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता. आज महागड्या फोनमधल्या चिप त्याच वाटेने बनतात.

भारतात या विषयाला पाया आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे असे थर बनवून त्यांचं परावर्तन मोजलं गेलं आहे. मॅक्सवेलची समीकरणं सोडवणारं, एमआयटीत तयार झालेलं 'मीप' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मास्कच्या छोट्या तुकड्याचा हिशेब कॉलेजच्या साध्या संगणकावरही होतो. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चं. गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारी माणसं दोन्हीकडे आहेत. विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: यंदा अंतिम वर्षाच्या एका तरी गटाला प्रकल्प म्हणून मास्कवरची ही सावली मोजायला द्या.