ऐकणंही शिकावं लागतं

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दवाखान्यात कोणी म्हणतं, "डॉक्टरसाहेब, जीव घाबरते, झोप येत नाई." बीपी मोजलं जातं, गोळी मिळते. घरी काय चाललंय हे विचारायला वेळ नसतो, आणि पुष्कळदा ते कसं विचारावं हेच कोणी शिकवलेलं नसतं.

ते शिकवता येतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते वऱ्हाडातल्या प्रत्येक डॉक्टर, वैद्य आणि नर्सने ते वाचायलाच हवेत.

प्रशिक्षणात सर्वांत कठीण जातं ते गप्प राहणं. उपचार करणाऱ्याचा हात लगेच सल्ल्याकडे जातो; "काळजी करू नका" हे वाक्य तर तोंडातच असतं, आणि त्यानेच समोरचा माणूस मिटतो. म्हणून भूमिका घेऊन सराव करतात: "मग काय झालं?" असा मोकळा प्रश्न विचारायचा, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. 'संगाथ' संस्थेच्या गोव्यातल्या कामात समुपदेशक आपल्या सत्रांचं ध्वनिमुद्रण एकत्र ऐकून एकमेकांना गुणही देत.

आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर 'हो' आलं, तर माणसाला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचं. 14416 या क्रमांकावरची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा रात्रीही सुरू असते.