रागावर गोळी आहे का?

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात वारंवार कानावर पडणारं वाक्य म्हणजे, ‘डॉक्टर, यांचा राग कमी होईल अशी एखादी गोळी द्या.’ कधी आई मुलाबद्दल हे सांगते, कधी बायको नवऱ्याबद्दल, कधी सून सासऱ्यांबद्दल. ज्याला राग येतो तो मात्र बहुधा सोबत आलेलाच नसतो!

राग शांत करणाऱ्या गोळ्या आहेत, हे खरं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये झां दले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं आणि बेभान झालेले रुग्ण बोलण्याइतके शांत झाले. पुढे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी औषधं आली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन एका पेशीचा निरोप दुसरीकडे पोचवतं. ही औषधं तो निरोप घेणारी दारं काही प्रमाणात बंद करतात. त्यामुळे भास आणि संशय ओसरतात, आणि संशयातून येणारा संतापही. ‘शेजाऱ्यानं माझ्यावर करणी केली’ अशी ज्याची ठाम खात्री आहे, त्याचा राग समजूत घालून जात नाही. तिथं औषधच लागतं.

पण राग हा तापासारखा आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे आपण आधी पाहतो. तसंच चिडचिडीमागे नैराश्य असू शकतं, दारू असू शकते, थायरॉइडचा दोष किंवा अपुरी झोप असू शकते. कारण न शोधता शांत करणारी गोळी दिली, तर माणूस गप्प होतो, आजार तसाच राहतो.

स्वमग्न मुलांचं उदाहरण घ्या. काही मुलं स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतात, चावतात. अमेरिकेत अशा १०१ मुलांवर झालेली आठ आठवड्यांची चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. रिस्पेरिडोन घेणाऱ्या मुलांची चिडचिड सुमारे ५७ टक्क्यांनी घटली; औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. मात्र त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं, इतरांचं ०.८ किलोनं. फायदा खरा, त्याची किंमतही खरी.

म्हाताऱ्या माणसांबाबत तर जास्तच जपायला हवं. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा अचानक आरडाओरडा करू लागले, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, एखादं दुखणं तपासावं. त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते हात उगारतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये अशा वृद्धांबाबत गंभीर इशारा दिला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के रुग्ण दगावले होते, न घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. त्यामुळे स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी औषध द्यायचं असतं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. चहात किंवा वरणात औषधाचे थेंब गुपचूप घालायचे. घरच्यांची अगतिकता मला कळते. रोज मार खाणाऱ्या बाईला उपदेश करणं सोपं असतं. पण मान आखडली, हातपाय कापू लागले, तर त्या माणसाला कारणच ठाऊक नसतं. शिवाय गुपित फुटलं की संशयी माणूस घरचं अन्नही सोडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती मिळण्याचा आणि संमती देण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

औषध सुरू झालं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हे नेमकं कशासाठी, किती दिवस, आणि कोणत्या तपासण्या करायच्या? वजन, रक्तातली साखर आणि चरबी अधूनमधून पाहायला हवी. खूप ताप येऊन अंग ताठ झालं, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका, आणि शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका.

रुग्ण यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी आधी एकट्यानं येऊन बोलावं. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. आणि घरात मारहाण होत असेल, तर गोळीची वाट न पाहता आधी सुरक्षित जागी जा. उपचारांचा विचार त्यानंतरही करता येतो.