भारतीय बचाव आणि आडवाटेचा हल्ला

श्रोतेहो, बुद्धिबळाचा पट जवळ असेल तर मांडून घ्यावा. नसेल तर मनांत मांडला तरी चालेल. काळ्यानें भारतीय बचाव स्वीकारला असतां पांढऱ्यानें रुळलेली वाट सोडून आडवाटेनें हल्ला करावा काय, आणि करावा तर कोणत्या बेतानें, याचा आज विचार करूं.

प्रथम या बचावाचें मूळ पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशीं पुष्कळ डाव खेळले. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर सरकत असे. मध्यभागीं धांव न घेतां घोडा बाहेर काढावयाचा आणि कडेचा उंट तिरकस रेषेवर बसवावयाचा, ही बॅनर्जींची रीत होती. प्रतिपक्षास मध्य व्यापूं द्यावा, आणि मग तोच फोडावा, हें तिचें मर्म. ग्रुनफेल्ड यांनीं १९२२ सालीं रूढ केलेला बचाव बॅनर्जी १८५५ च्या एका डावांत खेळून गेले होते.

तो डाव मात्र कॉक्रेन यांनीं जिंकला. त्यांनीं राजाच्या उंटापुढील प्यादें घोड्यानें मारलें, पुढें वजीर बळी दिला, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनीं कोंडलेल्या काळ्या राजास घोड्यानें मात केली. परंतु हें पाहावें, कीं हल्ल्यापूर्वीं त्यांचा किल्लेकोट झाला होता आणि मोहरीं बाहेर पडलीं होतीं.

आतां दोन आडवाटा सांगतों. पहिली ब्राझीलच्या ट्रॉम्पोव्स्की यांची. वजिरापुढील प्यादें दोन घरें गेलें, काळ्याचा घोडा निघाला, कीं लागलीच उंट त्या घोड्यावर घालावयाचा. उंटानें घोडा मारल्यास काळ्याचीं प्यादीं एकामागें एक येऊं शकतात. मात्र त्याची उंटांची जोडी शाबूत राहते. दुसरी वाट चार प्याद्यांची. मधलीं चारही प्यादीं दोन-दोन घरें पुढें जातात. भिंत भव्य दिसते, परंतु तिला मोहऱ्यांचा टेंकू नसेल तर ती काळ्याच्या पहिल्या धक्क्यासच ढासळते.

येथें माझीच चूक सांगतों. एका विद्यार्थ्यास मीं ही चार प्याद्यांची चाल एका दुपारीं पाठ करविली. सामन्यांत प्रतिस्पर्ध्यानें निराळी खेळी केली. मुलगा गोंधळला, प्यादें अवेळीं पुढें लोटलें, आणि त्याचीं चारही प्यादीं एकेक करून गेलीं. घरीं येतांना तो बोलला नाहीं. मीं त्यास उत्तर शिकविलें होतें, प्रश्न शिकविला नव्हता.

आमच्या वालूर गांवीं चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. वाट वळणाची खरी, पण प्रत्येक पायरी पाण्याकडेच उतरते. आडवाटेची सुरुवातही तशी असावी. अनपेक्षित खेळीचा लाभ प्रतिस्पर्धी विचार करूं लागेपर्यंतच टिकतो. म्हणून नवी चाल घेण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे: माझीं मोहरीं बाहेर पडतात काय? राजा सुरक्षित होतो काय? आणि प्रतिस्पर्ध्यानें अचूक उत्तर दिलें, तरी खेळण्याजोगा डाव माझ्या हातीं उरतो काय? तिन्हींस होकार येत असेल, तर खुशाल आडवाटेनें जावें.