मागे राहणाऱ्यांची राखण

ख्रिस्ती परंपरेत दुर्बलांची काळजी घेण्याचे कर्तव्य मेंढपाळाच्या कामावरून सांगितले जाते. राजा असो, धर्मगुरू असो की मंडळीतले वडील, बायबल त्यांची पारख वारंवार एका गोष्टीवरून करते: कळपातली अशक्त मेंढी त्यांच्या हाती जगली की मेली. शहरातल्या वाचकाला हा मेंढपाळ बहुधा कॅलेंडरावरच्या चित्रातून ठाऊक असतो, स्वच्छ झगा घातलेला आणि खांद्यावर पांढरेशुभ्र कोकरू घेतलेला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठच्या पिंपळनेर परिसरात, मेंढ्या राखण्याचे काम आजही चालते. ते पाहिले की बायबलमधली बरीच वाक्ये उपदेशाची न राहता कामाच्या सूचना वाटू लागतात.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतला ठेलारी समाज पिढ्यानपिढ्या मेंढ्यांवर जगत आला आहे. पावसाळ्यात मुक्काम गावाच्या आसपास असतो. पुढे चारा आटला की बायका-मुले, सामान लादलेली घोडी आणि कुत्री यांच्यासह कळप वाट धरतो. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम. व्यवहार सरळ आहे, पण तो रोज नव्या गावात, नव्या माणसाशी करावा लागतो.

चालत्या कळपाला साधारणपणे दोन माणसे लागतात, एक पुढे आणि एक मागे. पुढच्याच्या हाकेवर मेंढ्या चालतात. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढरे धन्याचा आवाज ओळखून त्याच्यामागे जातात, असे जे म्हटले आहे ते पुढच्या माणसाचे काम. मागच्याचे काम जास्त कष्टाचे आणि कमी दिसणारे. लंगडणारी, गाभण, नुकती व्यालेली, म्हातारी जनावरे सगळी त्याच्या वाट्याला येतात. वाटेत कोकरू जन्मले तर ते उचलून काखेत घ्यायचे, आई मागे-मागे येते की नाही ते पाहायचे आणि तरीही पुढच्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपल्या भावाला हेच सांगतो: पाजत्या मेंढ्यांना एक दिवस जरी जास्त दामटले तरी सारा कळप मरेल, म्हणून तू पुढे हो, मी यांच्या चालीने येतो. अनेक शतकांपूर्वीचे हे बोलणे चरणमाळ घाटाच्या चढावर आजही जसेच्या तसे लागू पडते.

मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. तो चुकला तर पिल्लू रोगाला सहज बळी पडते. मेंढी आपले पिल्लू वासावरून ओळखते, दुसऱ्याचे असले तर डोके मारून हाकलते. म्हणून आई मेलेल्या कोकराला दूध मिळवून देणे हे चिकाटीचे काम असते. दुसरी मेंढी धरून ठेवायची, कोकरू तिला लावायचे, तिने लाथाडले की पुन्हा लावायचे. काही वेळा मेंढी अखेर कबूल होते, नाही तर बाटली असतेच. पावसाळ्यात खुरे सडतात. ती धुऊन, सडलेला भाग कापून, मोरचुदाच्या पाण्यातून जनावरे चालवावी लागतात. जखमेत अळ्या पडल्या तर एकेक काढावी लागते. आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी वेळेवर टोचल्या नाहीत तर थोड्या दिवसांत कळप निम्मा होऊ शकतो. या कामात कोमलपणा आहे, पण तो हळव्या शब्दांचा नव्हे. जनावर दोन गुडघ्यांत घट्ट दाबून धरल्याशिवाय त्याच्यावर उपचार करता येत नाही.

संध्याकाळी मोजदाद. कळप जाळीच्या कुंपणात शिरताना मेंढ्या माणसाच्या हाताखालून जातात. यिर्मयाच्या ग्रंथात मोजणाऱ्याच्या हाताखालून जाणाऱ्या कळपांचा उल्लेख आहे, तो याच कामाचा. मुरलेल्या मेंढपाळाला आकडा कमी भरण्याआधीच कोण नाही ते कळते, कारण तो चेहरे पाहत असतो. मग कुणी तरी अंधारात शोधायला निघतो. लूकने सांगितलेल्या दाखल्यात नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधात जाणारा माणूस पाहून वाचक भारावतो. नव्व्याण्णवांचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. तळावर त्याचे उत्तर समोरच असते. शोधायला एक जातो तेव्हा बाकीचे कुटुंब राखणीला बसलेले असते. एकट्या माणसाला हरवलेल्याचा शोध परवडत नाही. दुर्बलांच्या सेवेचे पुष्कळ उत्साही उपक्रम थोड्या वर्षांत बंद पडतात, त्याचे कारणही बहुधा हेच असते: शोधायला जाणारा असतो, तळ राखणारे नसतात.

मेंढी लांडग्याने नेली तर काय? निर्गमाच्या पुस्तकातला नियम असा की श्वापदाने फाडलेल्या जनावराचा पुरावा राखणाऱ्याने आणून दाखवावा, मग त्याच्यावर भरपाई नाही. आमोस संदेष्टा स्वतः मेंढपाळ होता. सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा सोडवून आणणाऱ्या राखणदाराचे चित्र त्याने रेखाटले, त्यामागे हाच हिशेब आहे. आज जनावरांचा विमा उतरवला तर कानात बिल्ला मारला जातो आणि जनावर मेल्यावर तो बिल्ला दाखवल्याखेरीज दावा मंजूर होत नाही. कान तेव्हाही पुरावा होता, आजही आहे. राखण म्हणजे हिशेब देणे, हा भाग प्रवचनांत हमखास गळतो.

या हिशेबाचा सर्वांत कडक पाढा यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात असलेल्या या संदेष्ट्याने आपल्या लोकांच्या राज्यकर्त्यांवर आरोप ठेवले: तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, पण अशक्ताला बळ दिले नाही, आजाऱ्याला बरे केले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, भरकटलेल्याला आणले नाही, हरवलेल्याला शोधले नाही. अध्यायाचा उत्तरार्ध कमी वाचला जातो, पण खानदेशाच्या दृष्टीने तोच जास्त उपयोगी. तिथे दोष कळपातल्याच पुष्ट मेंढ्यांचा आहे. त्या स्वतः पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात, दुबळ्यांना खांद्याने ढकलतात. पाणवठ्यावर हे रोज दिसते. दांडग्या मेंढ्या आधी घुसतात, म्हणून दुबळ्या वेगळ्या काढून आधी पाजाव्या लागतात. म्हणजे काळजी घेणे हे नुसते देणे नव्हे, दांडग्याला अडवणेही आहे. दान करणारे बरेच सापडतात, अडवणारे थोडे.

नव्या करारात हे काम येशू स्वतःकडे घेतो आणि मोलकऱ्याशी त्याची तुलना करतो: लांडगा दिसताच मोलकरी पळतो, उत्तम मेंढपाळ जीव देतो. मिलेत येथे इफिसच्या मंडळीतल्या वडिलांचा निरोप घेताना प्रेषित पौलाने त्यांना कळपाकडे लक्ष द्यायला सांगितले आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करून दुबळ्यांना मदत केल्याची आठवण दिली. पेत्राच्या पत्रात पैशाच्या लोभाने किंवा धनीपणा गाजवत हे काम करू नये, असा इशारा आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरीने या कामावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंच्या अंगाला मेंढ्यांचा वास यावा असे म्हटले. ज्याने मेंढ्यांच्या तळावर एक रात्र काढली आहे त्याला ही अपेक्षा किती अवघड आहे ते कळेल. लोकरीचा तो तेलकट वास कपडे धुऊनही लवकर जात नाही.

महाराष्ट्रात या आज्ञेचे एक मोठे प्रत्यक्ष रूप पंडिता रमाबाईंच्या कामात दिसते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. पुढच्या, १८९९-१९००च्या, दुष्काळानंतर तिथली वस्ती शेकड्यांवरून हजारांवर गेली. तिथे स्वयंपाक, शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या स्त्रियाच करत. अंधांसाठी आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळी घरे होती. सांभाळलेली कोकरे मोठी होऊन राखणीला उभी राहिली, हे या संस्थेचे वैशिष्ट्य. मात्र त्याआधी, १८९३ मध्ये, रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेतल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठले होते आणि सल्लागार मंडळाने राजीनामे दिले होते. तो वाद नुसत्या द्वेषाचा म्हणून झटकता येत नाही. उपाशी माणसाची कृतज्ञता हे फार सोपे हत्यार आहे, आणि ज्याच्या हाती भाकरी आहे त्याने ते उचलू नये, ही अपेक्षा रास्त आहे. भाकरीला अट जोडली की मेंढपाळाचा मोलकरी होतो.

पश्चिम खानदेशात दुर्बलांच्या सेवेचे हे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन पार्श्वभूमीच्या मिशनऱ्यांनी वाढवले. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्यकर्ते त्यांत होते. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय या मिशनच्या वारशातले, १९४० च्या दशकापासूनचे. भिल्ल, मावची, कोकणा या समाजांच्या मुलखात ते आजही चालते. या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या रुग्णाला अतिश्रम, थंडी, ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे असह्य वेदनांचे झटके येतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर मूल रुग्ण निघण्याची शक्यता असते, म्हणून लग्नाआधी रक्त तपासणे महत्त्वाचे. उपदेशापेक्षा ही एक तपासणी कित्येक कुटुंबांना जास्त उपयोगी पडते.

पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यातल्या पाळकासमोर, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकासमोर, मात्र वेगळीच अडचण आहे. त्याचा कळपच वर्षातले काही महिने गावात नसतो. साक्री-नवापूरकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात, बरीचशी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे. बार्डोली भागात खानदेशातून येणाऱ्या या मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच केला होता. उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांचा मिळून एक कोयता चालतो. पोटुशी बाई, तापाने फणफणलेला माणूस, कुणालाही थांबण्याची मुभा नसते. याकोबाने जे करणार नाही म्हटले तेच इथे चालते: पाजत्या मेंढ्यांना दामटणे.

गावात मागे राहतात म्हातारी माणसे, अपंग आणि शाळेत जाणारी काही मुले. रविवारच्या उपासनेला बाके रिकामी असतात तेव्हा पाळकाचे खरे काम सुरू होते: घरभेटी, म्हाताऱ्यांची औषधे, रेशन मिळाले की नाही याची चौकशी, मुलगी शाळेतून गळली असेल तर तिच्या शिक्षकांची भेट. ऊसतोडीच्या तळावरही कुणी तरी जाऊन यायला हवे, कारण मजुरी थकली किंवा अपघात झाला तर तिथे बोलणारा कुणी नसतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. नावे ठाऊक असावी लागतात.

या रूपकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणसे मेंढ्या नव्हेत. मेंढी शेवटी बाजारात जाते, आणि राखणाऱ्याला जाब विचारू शकत नाही. जगभर चर्चच्या संस्थांत मुलांवर झालेले अत्याचार दडपले गेले, त्याला कळपाने मेंढपाळाला प्रश्न विचारायचे नसतात ही समजूतही कारण होती. यहेज्केलाने मेंढपाळांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले गेले.

आणि कळपाबाहेरच्यांचे काय? बायबलमधल्या कायद्यात अनाथ आणि विधवा यांच्याबरोबर तिसरे नाव वारंवार परक्याचे येते. १ जुलै २०१८ रोजी पिंपळनेरजवळच्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी फिरत आलेले लोक होते. साक्रीतून कळप घेऊन परमुलखात जाणारा मेंढपाळ किंवा बार्डोलीच्या फडात राहणारा मजूर दुसऱ्या गावासाठी असाच परका असतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात तेव्हा भुकेला, तान्हेला, उघडा, आजारी आणि कैदी यांच्याबरोबर परक्याला घरात घेतले का, हेही विचारले जाते. तो कोणत्या मंडळीचा, हे विचारले जात नाही.

या भागातल्या प्रत्येक मंडळीने दिवाळीपूर्वी एक वही करावी. गाव सोडणारी कुटुंबे, ती कुठल्या मुकादमाबरोबर कुठे जाणार, मागे कोण राहणार, कुणाला सिकलसेल आहे, कुणाचे औषध चालू आहे, हे तिच्यात लिहावे. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांची नावेही त्याच वहीत असावीत. माणसे परतली की ती वही उघडून, नाव वाचून, कोण आले नाही ते पाहावे.