लढाईनंतरचे गाव

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना फर्दापूरला १९४८ पर्यंत निजामाची हद्द लागे. त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या, तेलंगणातील गावाची कथा गौतम घोष यांनी ‘मा भूमी’ (१९७९) या तेलुगू चित्रपटात सांगितली आहे. मूळ कादंबरी कृष्णचंदर यांची. शेतकरी जमीनदाराला हुसकावून शेते वाटून घेतात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य येते, निजामाची सत्ता जाते. पण सैन्यामागोमाग जमीनदारही परततो, आता डोक्यावर गांधी टोपी घालून! वाटलेली शेते त्याला पुन्हा हवी असतात. प्रत्यक्षात हा लढा १९५१ पर्यंत चालला.

माझे आजोबा सालदार होते. आखाजीला साल संपे, शेत मालकाचेच राही. टोपीच्या त्या दृश्याला शेजारचे मित्र हसले. मला हसू आले नाही.