शिळा भात ताठ का होतो?

रात्री उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात तुम्ही नेहमी खाता. ताजा, वाफाळता भात परतला तर त्याचा गिचका होतो. थंड भाताची शिते मात्र ताठ आणि मोकळी असतात. हे नुसते पाणी उडून गेल्यामुळे होते काय? नाही. शिताच्या आत काहीतरी घडलेले असते. ते काय, हे आपण पाहू.

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी. यात सरळ साखळ्या असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. फांद्या फुटलेल्या साखळ्यांना अमायलोपेक्टिन म्हणतात. तांदूळ शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व साखळ्या सुट्या होतात. अशा सुट्या साखळ्या आपल्या पाचक रसांतील विकरे सहज तोडतात आणि ग्लुकोज चटकन रक्तात उतरते.

भात निवला, की साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वेड्यावाकड्या फांद्यांची तशी जात नाही. येथेही तसेच होते. सरळ साखळ्यांच्या घट्ट मोळीत विकरांचा शिरकाव होत नाही. लहान आतड्यात न पचणाऱ्या या भागाला ‘प्रतिरोधी स्टार्च’ म्हणतात. तो मोठ्या आतड्यात गेला, की तेथील जीवाणू त्यापासून ब्युटिरिक आम्लासारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना ती पोषक ठरतात.

भात पुन्हा गरम केला तर? तो मऊ होतो खरा. पण सरळ साखळ्यांची मोळी सुटायला १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. इंडोनेशियातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहा. १०० ग्रॅम ताज्या भातात प्रतिरोधी स्टार्च ०.६४ ग्रॅम होता; ४ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात तो १.६५ ग्रॅम भरला. हा भात खाल्ल्यावर १५ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील साखरही ताज्या भातापेक्षा कमी वाढली.

तुम्ही म्हणाल, मग मधुमेह असलेल्या आजोबांनी शिळा भात पोटभर खावा! छे! वाढ अडीचपट असली, तरी ती शंभरात एका ग्रॅमचीच आहे. बाकीचा स्टार्च पचतोच.

आणखी एक सावधगिरी. बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला, तर ते रुजून जीवाणू वाढतात व विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी चांगला वाफ येईपर्यंत परतून संपवावा. शीतकपाट नसेल, तर लागेल तेवढाच भात शिजवणे बरे!