मेलोनींचा पक्ष आणि फॅसिझमची कसोटी

'ब्रदर्स ऑफ इटली' या पक्षाच्या चिन्हातली तिरंगी ज्वाला मुळात त्यांची नव्हे. मुसोलिनीच्या उरलेल्या पाठीराख्यांनी १९४६ साली जो पक्ष काढला, त्याची ती खूण. २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के मते मिळवून जॉर्जिया मेलोनी पंतप्रधान झाल्या आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला: हा फॅसिझमच का?

मुसोलिनीच्या राजवटीत वाढलेले लेखक उंबेर्तो एको यांनी १९९५ मध्ये फॅसिझमची चौदा लक्षणे सांगितली होती. परंपरेची पूजा, परक्याची भीती, सतत कटाचा संशय ही त्यांतली काही. यांतले बरेच काही इथे सापडते. 'देव, देश, कुटुंब' ही मेलोनींची आवडती त्रयी. त्यांचे शेतीमंत्री लोल्लोब्रिजिदा तर २०२३ मध्ये इटालियनांची जागा परके घेतील, असे बोलून गेले.

पण लक्षणे जुळली म्हणजे निदान झाले, असे नाही.

मुसोलिनीकडे काळ्या शर्टांच्या हिंसक टोळ्या होत्या. १९२४ मध्ये विरोधी खासदार माते‌ओत्तींचा खून झाला. १९२६ पर्यंत विरोधी पक्षच उरले नाहीत. आज रोममध्ये विरोधक संसदेत बसतात, वृत्तपत्रे सरकारला झोडपतात. मुसोलिनीच्या राजवटीतले १९३८ चे वंशभेदी कायदे हा देशाच्या इतिहासातला नीचांक, असे खुद्द मेलोनींनी संसदेत म्हटले.

खरी चिंता घटनादुरुस्तीची. पंतप्रधान थेट जनतेने निवडावा, या प्रस्तावाला सिनेटने जून २०२४ मध्ये संमती दिली. राष्ट्राध्यक्षाचा अंकुश सुटेल, असे टीकाकार म्हणतात. समर्थक अस्थिरतेकडे बोट दाखवतात, आणि तेही खोटे नाही: मेलोनींचे सरकार प्रजासत्ताकाचे ६८वे आहे.